तीन वर्षांचे चांगले रिपोर्ट

समोर मी नवऱ्याला अहो-जाहोच करते. इथे करणार नाही. दोन वर्षं होत आली तरी तेवढा राग माझ्याकडे शिल्लक आहे.

आम्ही उधन्यात राहतो. नवरा विशीत धुळ्याकडच्या एका खेड्यातून सुरतेला आला आणि तेव्हापासून लूमवर आहे. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात बारा तासांची पाळी, एकेका माणसाकडे आठ-दहा माग आणि पगार कापडाच्या मीटरवर. मी जवळच्याच एका मराठी शाळेत शिकवते. घरात आमची अहिराणी, बाजारात गुजराती, आणि भांडण झालं की मी शाळेतली मराठी बोलते. ‘तुम्हाला मी काय सांगितलं होतं?’ असं शुद्ध काही माझ्या तोंडून निघालं की नवरा चपला घालून बाहेर पडतो.

तपासण्यांचं वेड घरात मीच आणलं. माझे थोरले दीर गावी असायचे. साखरेने त्यांचे डोळे गेले. साखर आहे हे कळलं तेच मुळी डोळे गेल्यावर, कारण धडधाकट माणसाने दवाखान्यात जायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा ते आमच्याकडे आले होते. मी ताट वाढलं, तर ते बोटांनी चाचपत भाजीची वाटी शोधत होते. मी पाहिलं, नवऱ्यानेही पाहिलं. दीर गावी परत गेले त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं की आता दरवर्षी रक्त तपासायचं. भावाला आहे म्हणजे तुम्हालाही होऊ शकतं.

“माले काय व्हयेल शे?” तो म्हणाला. मला काय झालंय?

काही झालेलं नाही तेव्हाच तपासायचं असतं, हे मी त्याला महिनाभर सांगत होते. जेवताना सांगितलं, स्कूटरवर मागे बसून सांगितलं. शेवटी तो कंटाळला आणि एक दिवस स्वतःच बातमी घेऊन आला. शेठ लोकांच्या मंडळाने खात्यात तपासणीचा कॅम्प ठेवला होता. सकाळी सातला, पाळी बदलताना. साखर, चरबी, किडनी, रक्तगट, सगळं एकदम. रिपोर्ट मोबाईलवर येणार.

मला काय आनंद झाला होता! आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मी तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, एक निळी प्लास्टिकची फाईल विकत घेतली आणि त्यात लावला. साखर उत्तम. किडनी उत्तम. पुढच्या वर्षीही उत्तम, त्याच्या पुढच्या वर्षीही. गावाकडून कोणी आलं की मी फाईल काढून दाखवायची. नणंद मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागली. ती चिडवत होती, पण मला ते आवडायचं.

कागदपत्रांची मला पहिल्यापासून हौस. शाळेत प्रत्येक मुलीचं आरोग्यकार्ड असतं, त्यात दरवर्षी उंची, वजन, डोळे, दात असं लिहायचं असतं. वर्गात वेळ मिळत नाही म्हणून मी ती कार्डं रविवारी घरी आणायची. नवरा माझ्या शेजारी पलंगावर बसून जुन्या कार्डावरचे आकडे मोठ्याने वाचायचा आणि मी नवी कार्डं भरायची. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आकडे खणखणीत वाचतो. मध्ये चहा व्हायचा. आमच्या संसारातल्या चांगल्या वेळांपैकी ती एक होती.

आता रिपोर्ट चांगला म्हटल्यावर मी हात आखडला नाही. उन्हाळाभर आमरस केला आणि वाटीने मोजून दिला नाही. चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेत घरोघरी घारी खातात, तुपात माखलेली, तोंडात टाकली की विरघळणारी. एकाच्या दोन घाऱ्या त्याच्या ताटात मी वाढल्या, माझ्या हाताने. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं, खा, तुम्हाला काय धाड भरली आहे, रिपोर्ट बघा की.

तो पाणी फार प्यायला लागला होता. मला वाटलं, खात्यात उकडतं. अंगाने उतरला. मला वाटलं, बरं झालं, पोट कमी झालं. जेवून उठला की बसल्या जागी पेंगायचा. बारा तास उभा राहणारा माणूस पेंगणारच. सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं, कारण कपाटात फाईल होती.

मग एका सकाळी मी फरशी पुसत होते. मोरीपासून दारापर्यंत तपकिरी डाग होते, एका पावलाएवढ्या अंतरावर एक. आधी वाटलं, पानाचे असतील. फडक्याला लाल लागलं तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवलं आणि पाय वर घ्यायला लावला. उजव्या अंगठ्याखाली जखम होती, रुपयाएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या. दुसऱ्या बोटाचा रंग बदलला होता. नवी चप्पल चावली असावी. कधी चावली हे त्याला सांगता येईना. दुखत नव्हतं. मी जखमेच्या कडेला बोट दाबलं तरी तो माझ्याकडे बघत होता, पायाकडे नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, गुजराती. तिने बोटात सुई टोचून साखर बघितली आणि विचारलं, “बेन, सुगर केटला वखतथी छे?” साखर कधीपासून आहे?

“नथी,” मी म्हटलं. “सुगर नथी.” साखर नाही. आणि निळी फाईल तिच्यासमोर ठेवली.

तिने तीनही कागद बघितले. मग मशीनवरचा आकडा माझ्याकडे वळवला. चारशेच्या वर होता. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल, ती म्हणाली, आणि आज-उद्यात, नाहीतर पाऊल जाईल. पावलावर थांबेल याचीही तिला खात्री नव्हती. ती हे सगळं हळू आवाजात सांगत होती आणि मला तिचाच राग येत होता. तीन वर्षांचे कागद समोर असताना ही कालची पोरगी एका थेंबावर बोटं कापायला निघाली.

नवऱ्याला भरती केलं. ऑपरेशनआधी नर्सने रक्तगट विचारला. मी फाईल न उघडता सांगितलं, बी पॉझिटिव्ह. तरी त्यांनी आपली तपासणी केली आणि तासाभराने कागद आला. ओ पॉझिटिव्ह.

आता मात्र मी तोंड सोडलं. साखरेचं एक वेळ ठीक आहे, आज कमी उद्या जास्त, पण माणसाचा रक्तगट कुठे बदलतो का? म्हणजे यांच्याकडे नळ्यांची अदलाबदल होते, दुसऱ्याच कोणाची साखर आमच्या नावावर लावली आहे, आणि त्यावर ही माणसं माझ्या नवऱ्याची बोटं कापणार आहेत. मी लॅबच्या खिडकीशी जाऊन फाईल आपटली. “भाई, फरीथी करो.” लॅबवाला बिचारा पुन्हा आला, माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा रक्त काढलं, नळीवर माझ्यासमोर नाव लिहिलं. पुन्हा ओ पॉझिटिव्ह. मी तिसऱ्यांदा तपासायला सांगणार होते. तेवढ्यात नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “फाईलमानं रगत मनं नही व्हतं.”

फाईलमधलं रक्त माझं नव्हतं. मला आधी वाक्य कळलं नाही. कळलं तेव्हा मी स्टुलावर बसले.

मग त्याने भिंतीकडे बघतच सगळं सांगितलं. कॅम्प सकाळी सातला. रातपाळीवाल्यांनी झोप उडवायला पाचला चहा घेतलेला, साखर घालून, पाव बुडवून. दिवसपाळीवाले घरून खाऊन आलेले, आणि आल्या आल्या मागांवर उभं राहायचं. कॅम्पवाले म्हणत होते, उपाशी पोटीच रक्त पाहिजे, नाहीतर रिपोर्ट खराब येईल. आता काय करायचं? खात्यात आमच्याच भागातला एक माणूस होता, खात्याच्या बाजूच्याच खोलीत एकटा राहणारा. अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय तो पाण्याशिवाय काही घेत नाही. तंबाखू नाही, काही नाही. तो उपाशी होता. मग सगळ्यांनी ठरवलं की रक्त त्याचंच द्यायचं. सहा जणांच्या नावाने सहा नळ्या. तो रक्त देत असताना बाकीच्यांनी त्याचे माग सांभाळले. पुढच्या दोन वर्षांत तर कोणी ठरवलंही नाही, आपोआप झालं.

“आणि कॅम्पवाले?” मी विचारलं.

कॅम्पवाल्यांना नळ्या मोजायच्या होत्या. माणसं कोणी मोजली नाहीत.

खात्यात ही माणसं एकमेकांसाठी काय वाटेल ते करतात, हे मला ठाऊक आहे. कोणी गावी गेला तर त्याचे माग दुसरा ओढतो. एकाचं लेकरू आजारी पडलं तर दुसरा सलग दोन पाळ्या उभा राहतो. हजेरी, सही, डबा, सगळं एकमेकांचं. त्याच हिशेबात यांनी रक्तही घातलं. यात कोणी कोणाला फसवलं असं त्यांना वाटलंच नाही. उलट रिपोर्ट बिघडू नये म्हणून काळजी घेतली. रिपोर्ट बिघडू नये! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं वर्ष शाळेत ‘उत्तराच्या आधी प्रश्न वाचा’ म्हणून घसा फोडणारी मी, आणि माझ्या घरात हा माणूस पेपर दुसऱ्याकडून सोडवून आणत होता आणि मी त्याला शंभरपैकी शंभर देत होते.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं काढली. पाऊल वाचेल की नाही ते आठवड्याने कळणार होतं. रोज सकाळी पट्टी सुटायची आणि रोज मी डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. काळं वर सरकलं की थांबलं, एवढा एकच प्रश्न.

तिसऱ्या दिवशी तो रक्त देणारा माणूस आला. हातात दोन शहाळी. पन्नाशीचा, किडकिडीत, कपाळाला गंध. दारातच उभा राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “माले वाटनं, भाऊना रिपोर्ट चांगला येई.”

मला वाटलं, भाऊंचा रिपोर्ट चांगला येईल. मी त्याच्या तोंडात मारायचंच काय ते बाकी ठेवलं. हात उचलला नाही इतकंच. मी त्याला विचारलं, तुम्ही तीन वर्षं सहा-सहा नळ्या द्यायला त्या खुर्चीत बसलात, एकदाही डोक्यात आलं नाही की या भाऊंच्या अंगात काय आहे ते कसं कळणार? त्याने शहाळी खाली ठेवली. तो म्हणाला, रक्त पाहिजे असेल तर आताही काढा, हवं तेवढं काढा. मी म्हटलं, तुमचं त्यांना चालत नाही. त्याला ते कळेना. तीन वर्षं चाललं, आता का चालत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तो बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होता. शहाळी मी नर्सला दिली.

मग मी बाकीच्या चार घरांकडे वळले. सगळे आमच्याच गल्लीच्या आजूबाजूला. मी त्यांच्या बायकांना मोबाईलवरचे रिपोर्ट काढायला लावले आणि एका ओट्यावर सगळे मोबाईल ओळीने ठेवले. सगळीकडे बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिनचा आकडासुद्धा जवळजवळ तोच. माझी फाईल धरून पाच घरांत पाच वेगळी माणसं, आणि कागदावर एकच नवरा. एक जण हसायला लागली, मग तिने आपला मोबाईल उचलून पुन्हा बघितला. दुसऱ्याच सकाळी त्या चौघी आपापल्या नवऱ्याला मनगट धरून लॅबमध्ये घेऊन गेल्या, चहा न पाजता. त्या चौघा नवऱ्यांत दोघांना साखर निघाली, एकाचं ब्लडप्रेशर एवढं वाढलेलं की त्याला तिथेच बसवून ठेवलं. त्या तिघांचं वेळेत कळलं. माझ्या नवऱ्याच्या दोन बोटांमुळे कळलं. लोक मला सांगायला आले की बघा, वाईटातून चांगलं निघालं. मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी मी खाटेजवळ बसून पुन्हा सुरू झाले होते. रोजचंच. शेठला काय, कॅम्प झाल्याचा फोटो पाहिजे होता. कॅम्पवाल्यांना नळ्या पाहिजे होत्या. तुम्हाला कागद पाहिजे होता, बायकोच्या तोंडावर फेकायला. सगळ्यांनी मिळून आकडे भरले आणि माणूस बाजूला राहिला. माणसाकडे न बघता आकडा लिहिणारे हात मोडले पाहिजेत, असंच मी बोलले. शुद्ध मराठीत.

तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, “तू शायाना कार्ड कसा भरस?”

शाळेची कार्डं तू कशी भरतेस. टोमणा नव्हता त्यात. माझ्यापेक्षा त्याचा स्वभाव चांगला आहे, तो टोमणे मारत नाही. पुढे एवढंच म्हणाला, “मीच वाची देस ना.” मीच तर वाचून देतो.

मी उठून बाहेर गेले. त्या बाकावर बसले.

जुनं कार्ड तो वाचायचा. वजन एकोणतीस. मी नव्यावर लिहायची एकतीस. दोन किलो वाढवायचे. उंची चार सेंटिमीटर वाढवायची. डोळे नॉर्मल, दात नॉर्मल. चाळीस-पंचेचाळीस कार्डं, दोन कप चहात. सगळ्या शिक्षिका अशीच भरतात, मला पहिल्या वर्षी एका वरिष्ठ बाईंनी हेच शिकवलं. वजनकाटा भांडारात नकाशांच्या मागे आहे. अभ्यासक्रम पुरा होत नाही तिथे मुलींना वजन करायला कोण उभं करणार? माझ्याकडे कारणं होती, सगळी खरी. खात्यातल्या सहा जणांकडेही होती. मला त्याचा राग आला. माझ्याविषयी तो अवघ्या दोन वाक्यांत एवढं बोलून गेला याचा तर फारच.

पाऊल वाचलं. आठवडा उलटल्यावर डॉक्टरीण पट्टी सोडून पहिल्यांदा हसली. नवरा आता खात्यात बसून सुताच्या कांड्या भरण्याच्या मशीनवर काम करतो, मागांवर बारा तास उभा राहू शकत नाही. रोज सकाळी मी त्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा बघते, बोटांमधल्या जागा बघते. दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये मी सोबत जाते आणि नळी भरेपर्यंत नजर हलवत नाही. तो म्हणतो, पोलिसासारखी उभी राहू नको. मी उभी राहते.

त्या वर्षीची कार्डं आली तेव्हा तो घरी होता, पाय स्टुलावर. रविवार होता. सवयीने त्याने गठ्ठा ओढला आणि वरचं कार्ड हातात घेतलं. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं, गठ्ठा पिशवीत भरला. 

सोमवारी मी भांडार उघडून काटा काढला. झाडूने जाळी काढली, वर्गात आणला आणि मुलींना ओळीत उभं केलं. मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या, म्हणाल्या, “अहो बाई, एवढं कुठे करत बसता, नेहमीसारखं भरून टाका.” मी त्यांना ‘हो’ म्हटलं आणि दार लावून घेतलं.

एक मुलगी काट्यावर चढली. तिसऱ्या बाकावर बसणारी, शहाणी, कधी त्रास न देणारी. वडील लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या लावते. मागच्या वर्षीच्या कार्डावर तिचं वजन एकतीस. काटा सव्वीसवर थांबला. मी तिला उतरवलं, स्वतः चढून बघितलं, काटा बरोबर होता. तिला पुन्हा चढवलं. सव्वीसच. पहिल्यांदा मी तिच्याकडे नीट बघितलं. गणवेशाचा पट्टा तिने नवीन भोक पाडून आवळला होता.

तिने वाकून काटा बघितला, मग माझ्या हातातलं जुनं कार्ड.

“बाई, मागच्या वर्षी एकतीस होतं ना?” ती म्हणाली. “मग माझं पाच किलो कुठे गेलं?”

वर्ग बघत होता. मी खडू ठेवलेल्या टेबलावर दोन्ही कार्डं टेकवली, नव्यावर सव्वीस लिहिलं, आणि जुन्यावरच्या एकतीसवर, माझ्याच वळणदार अक्षरावर, रेघ मारली.

“कुठे नाही गेलं,” मी तिला सांगितलं. “मी ते कधी मोजलंच नव्हतं.”